खुलासा: १९९४ आधी लग्न झालेल्या बहिणीचा हिस्सा बुडत नाही

‘१९९४ आधी लग्न झालं, तिला वडिलोपार्जित शेतात हिस्सा नाही’ हा मेसेज सध्या खान्देशात गावोगाव फिरतोय. आज हे खरं नाही. आमच्या भाऊबंदांत यावरूनच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणींचं वाजलं. धाकटीने मोबाइल पुढे केला, मोठी ताटावरून उठली. आमरसाची वाटी तशीच, वर माश्या. निंबाच्या झोक्याला कुणी हातही लावला नाही.

अफवेला मूळ आहे, तेवढं मान्य. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्याच्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट नाही. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वीची विक्री किंवा रीतसर वाटणी मात्र उकरता येत नाही.

आणि हक्कसोड, म्हणजे बहिणीने आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. आखाजीच्या साडीवर तो होत नाही.