‘त्यांचे दात तसेही जायचेच’: एका फॉरवर्डला उत्तर

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर ‘विशेष मुलांच्या पालकांनी जरूर वाचा’, खाली जोडलेले हात. मजकूर थोडक्यात असा: बौद्धिक अक्षमता असलेल्यांचे दात जन्मजात कमकुवत, ते किडणारच, त्यांना दुखणं फारसं जाणवत नाही, ब्रशची जबरदस्ती करू नका, तेलाच्या गुळण्या पुरे, फिटची गोळी हिरड्या सुजवते, ती बंद करा, भूल देऊन दातांचे उपचार केले तर मेंदू आणखी मागे जातो, त्यापेक्षा सगळे दात एकदाचे काढून टाका, कटकट मिटेल.

मी मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. बौद्धिक अक्षमता असलेली मुलं आणि त्याच मुलांची झालेली मोठी माणसं माझ्या खुर्चीत बसतात. काही नुसती दारातून बघून परत जातात, तेही चालतं. हा मेसेज पुढे करून ‘मग आता कशाला यायचं?’ असं विचारणारे पालक भेटायला लागले, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात गोळीपासून, कारण बाकीच्या चुकांनी दात जातील, या एकीने जीव जाऊ शकतो. फेनिटॉइन, म्हणजे बऱ्याच घरांत एप्टॉइन म्हणून ओळखली जाणारी गोळी, हिरड्या वाढवते हे खरं आहे. काहींच्या हिरड्या पुढच्या दातांवर अर्ध्यापर्यंत चढलेल्या मी पाहिल्यात. पण गोळी अचानक सोडली तर फिट्स लागोपाठ येऊ शकतात आणि न थांबणारी फिट ही थेट आयसीयूची वेळ असते. शिवाय हिरडी एकट्या गोळीने एवढी वाढत नाही. दाताच्या कडेला साचलेला जंतूंचा चिकट थर तिला खतपाणी घालतो. तो रोज निघाला की वाढ बरीच आटोक्यात राहते. आम्ही दात साफ करून देतो, गरज पडली तर वाढलेली हिरडी कापूनही काढतो. गोळी बदलायची की नाही हे मात्र न्यूरॉलॉजिस्टने ठरवायचं, आणि बदलायची झाली तरी ती हळूहळू बदलतात.

औषधांचा विषय काढलाच होता तर मेसेजवाल्याने सिरपबद्दल लिहायला हवं होतं. गोळी गिळता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं गोड पातळ औषध, तेही झोपताना, आणि त्यावर पाण्याचा घोटही नाही. झोपेत लाळ कमी सुटते, साखर रात्रभर दातांवर बसते. त्यात वर्तनासाठी दिलेल्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं. बिनसाखरेचा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. औषधानंतर दोन घोट पाणी तर कुणीही देऊ शकतं.

‘जन्मजात कमकुवत, किडणारच.’ या विषयावरच्या जगभरच्या अभ्यासांचा 2010 साली एक आढावा निघाला. त्यातून दिसलं ते असं, की बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या दातांना कीड इतरांइतकीच, कधी त्याहून कमी लागते. फरक आहे तो उपचार न झालेल्या किडीत. ती त्यांच्यात सातत्याने जास्त आढळते. म्हणजे दात इतरांसारखेच किडतात, पण इतरांचे भरले जातात आणि यांचे राहून जातात.

हिरड्यांचे आजार मात्र खरोखर जास्त असतात, विशेषतः डाऊन सिंड्रोममध्ये (बौद्धिक अक्षमतेचं हे एक जन्मजात कारण). दात उशिरा येतात, काही येतच नाहीत, काही बारीक असतात. कीड कमी दिसते म्हणून घरचे निर्धास्त राहतात आणि ऐन तारुण्यात न किडलेले दात हलायला लागतात. संसर्गाशी लढणाऱ्या पेशी तिथे नीट काम करत नाहीत, हे त्याचं एक कारण. डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी 40 ते 50 टक्क्यांना जन्मतः हृदयदोष असतो. सुजलेल्या हिरडीतून रक्तात शिरलेले जंतू अशा काही हृदयांना महागात पडतात. म्हणून दंतवैद्याकडे जाताना हृदयाचे रिपोर्ट बरोबर ठेवा, आणि मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो हेही सांगा, म्हणजे खुर्चीत मान जपून धरली जाईल.

‘त्यांना दुखत नाही.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त झोंबतं. साधारण विशीतला, न बोलणारा एक मुलगा आमच्याकडे आणला होता. काही महिन्यांपासून स्वतःच्या डाव्या गालावर थपडा मारायचा, रात्री उठून बसायचा, पोळी बाजूला सारून फक्त वरण-भात खायचा. ‘वर्तन बिघडलंय’ म्हणून औषधाचा डोस वाढवून झाला होता. तोंड उघडून बघितलं तर खालच्या डाव्या दाढेत आतल्या नसेपर्यंत पोचलेला खड्डा. उपचारानंतर थपडा थांबल्या. दुखणं कळत होतंच, सांगायची त्याची तऱ्हा आपल्याला कळत नव्हती. तेव्हा अचानक हात चावणं, डोकं आपटणं, एकाच बाजूने चावणं, थंड पाणी नाकारणं, ब्रशला नव्याने विरोध यांपैकी काही दिसलं तर आधी तोंडात बॅटरी मारून बघा. स्पेशल ऑलिम्पिक्स, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या क्रीडास्पर्धा, त्यांतल्या खेळाडूंसाठी अमेरिकेतले दंतवैद्य स्टीव्हन पर्लमन यांनी 1993 मध्ये दंततपासणीचा उपक्रम सुरू केला. मैदान गाजवणाऱ्या या खेळाडूंतही उपचाराविना राहिलेली कीड अनेकांच्या तोंडात सापडते.

आता ब्रश. ‘जबरदस्ती नको’ इतपत मेसेज बरोबर आहे. हातपाय दाबून धरून ब्रश केला की दुसऱ्या दिवशी तो नुसता दिसला तरी मूल पळतं. पण जबरदस्ती आणि सोडून देणं यांच्या मधे बरीच जागा आहे.

बाथरूममध्येच, बेसिनसमोरच ब्रश झाला पाहिजे असं कुठे लिहिलंय? मुलाला खुर्चीवर किंवा जमिनीवर बसवा, स्वतः मागे उभे राहा किंवा बसा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकू द्या. डाव्या हाताने हनुवटीला आधार, त्याच हाताच्या बोटाने ओठ बाजूला, उजव्या हातात मऊ, लहान डोक्याचा ब्रश. समोरून करताना दिसत नाही ते असं सगळं दिसतं, आणि मान मागे झटकली जात नाही. पहिले काही दिवस ब्रशच नको: गालाला बोट, मग ओठाला, मग ओला ब्रश समोरच्या दातांवर पाच आकडे मोजेपर्यंत. त्याने नको म्हणायच्या आत आपणच थांबायचं. रोज तीच वेळ, तोच क्रम, तेच मोजणं. पेस्टचा पुदिना अनेकांना, खासकरून स्वमग्न मुलांना, तिखट लागतो आणि फेसाने ते बिथरतात. साध्या चवीची, कमी फेसाची पेस्ट शोधा, सुरुवातीला नसली तरी चालेल. मुठीत ब्रश धरता येत नसेल तर दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवा. आणि त्याच्या हातात एक, तुमच्या हातात एक असे दोन ब्रश ठेवले तर तो आपला ब्रश चावत बसतो, तेवढ्यात तुमचं काम होतं.

पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. थुंकता येत नसेल तर नुसता पुसट थर आणि नंतर ओल्या कापडाने पुसणं. चंद्रपूर-यवतमाळसारख्या भागांत, जिथे भूजलातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे पेस्टचं दंतवैद्याला विचारून ठरवा. महागडा बॅटरीचा ब्रश घ्यावा का, असं सगळे विचारतात. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2019 च्या आढाव्यात 34 अभ्यास तपासले गेले. बॅटरीचा ब्रश साध्यापेक्षा सरस असल्याचा ठोस पुरावा त्यातून निघाला नाही. मुलाला त्याची थरथर आवडत असेल तर जरूर घ्या, नाहीतर पैसे वाचवा.

तेलाच्या गुळण्यांचं काय? तेल तोंडात घोळवून बाहेर थुंकायला जीभ, गाल आणि घसा यांचा मेळ लागतो. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांचं तेल श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आणि चिकट थर तेलाने निघत नाही, घासल्यानेच निघतो. घरातल्या आजीने प्रेमाने लावलेली मशेरी तर जाळलेला तंबाखूच आहे, ती नकोच.

या सगळ्यात सर्वात दुर्लक्षित कोण, तर ‘आता मोठा झालाय, त्याचा तो करतो’ असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं तो पस्तिशीतला माणूस. तो ब्रश तोंडात घालतो, दोनदा फिरवतो, ठेवतो. वरच्या दाढा कधीच घासल्या जात नाहीत. दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, दुसऱ्या कुणाचा तरी हात त्याच्या ब्रशला लागायला हवा. आई थकली असेल तर भावाचा, वहिनीचा, वसतिगृह असेल तर तिथल्या काळजीवाहकाचा. आणि शाळांनो, दर बरोबर उत्तराला चॉकलेट देणं आता पुरे. टाळी, स्टिकर, झोका यांवरही मुलं तितकीच खूश होतात. चहात बुडवलेलं बिस्कीट घरीच भरपूर होतं.

भुलेबद्दल. बहुतेक उपचारांना ती लागतच नाही. किडीवर 38 टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावला की ड्रिल न फिरवता कीड बऱ्याचदा थांबते. डाग काळा पडतो, हे आधी सांगायला हवं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर हे दात भरायचं सिमेंटही भरता येतं. सकाळची पहिली वेळ मागा, पहिल्या भेटीत फक्त खुर्चीत बसू द्या, आरसा हातात घेऊ द्या.

तरीही काहींना भूल लागतेच. अशा वेळी एकाच बैठकीत सगळं तोंड नीट करून घेता येतं. मेंदूचं म्हणाल तर सात देशांतल्या 722 तान्ह्या बाळांवर झालेल्या अभ्यासाचा 2019 मध्ये निष्कर्ष आला: साधारण तासाभराच्या एका भुलेने पाचव्या वर्षीच्या बुद्ध्यांकात फरक पडला नाही. ती बाळं या मुलांसारखी नव्हती, आणि तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा लांबलचक भूल देताना जपायला सांगतात, हेही खरं. जोखीम शून्य नाही. पण ती भूलतज्ज्ञाशी बोलून मोजायची, फॉरवर्ड वाचून नव्हे.

‘सगळे दात काढून टाका.’ वाचवण्यासारखा नसलेला दात काढावाच लागतो. पण सगळे काढले की पुढे काय? कवळी टिकवायला जीभ-ओठांवर ताबा लागतो आणि तोंडात परकी वस्तू सहन करावी लागते. यांपैकी अनेकांना ते जमत नाही. मग आयुष्यभर पातळ, कुस्करलेलं अन्न आणि न चावलेला घास घशात अडकायची भीती. सुटका नेमकी कुणाची झाली?

उपचार मिळत नाहीत ही तक्रार मात्र मी खोटी ठरवणार नाही. खासगी दवाखान्यात ‘आम्ही अशा केसेस घेत नाही’ हे अनेकांनी ऐकलंय. मुंबईत नायर आणि शासकीय दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे बालदंत विभाग आहेत. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 25 मध्ये तपासणी आणि उपचारात प्राधान्याची तरतूद आहे, तेव्हा रांगेत तासन् तास ताटकळत ठेवलं तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, पुढे करून ते मागा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात एक लाखापर्यंतचं कवच असतं आणि त्यात दातांच्या प्रतिबंधक उपचारांचाही समावेश आहे. निरामयचं कार्ड कपाटात पडून असेल तर नूतनीकरणाची तारीख आजच बघून घ्या.