गाड्यांना जागा द्या, पोट आपोआप सुटेल

चाळिशीच्या आत डायबेटिस, बीपी आणि फॅटी लिव्हर असा अख्खा सेट ज्यांना हवाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मुंबईत राहत असाल तर निम्मं काम झालेलंच आहे. उरलेलं निम्मं तुमची सोसायटी करून देईल, तुम्ही फक्त मधे येऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, रात्री जेवल्यावर चालायचं नाही. आमच्या सोसायटीने हे आता लेखीच दिलंय. नोटीस बोर्डावर, सेक्रेटरींच्या सहीशिक्क्यानिशी: रात्री ९ नंतर कंपाउंडमध्ये फेऱ्या मारू नयेत, वाहनांना ओरखडे पडत आहेत. म्हणजे मी काय हातात खिळा घेऊन फिरते का? परवा वॉचमन बिचारा खाली मान घालून समोर उभा राहिला, "मॅडम, कमिटीने मना किया है." त्याच्या मागे एक कव्हर घातलेली गाडी. गणपतीला कोकणात जाते, बाकी वर्षभर धूळ खाते, टायरही बसलेत तिचे. तिला जागा आहे.

तर मग वर या आणि सोफ्यावर पडा. जेवल्यावर रक्तात साखर चढत असते, तेव्हा पाय हलवले तर मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता ती साखर ओढून घेतात, दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यानेही फरक पडतो. आपल्याला फरक पाडायचाच नाहीये. सीरियल लावा.

सकाळी उठून जिऱ्याचं पाणी प्या, मग दिवसभर काहीही चालतं.

पाकिटावर 'डाएट' लिहिलेला चिवडा अख्खा संपवायचा. लिहिलंय ना डाएट?

लिफ्ट बंद असेल तर ती चालू होईपर्यंत खाली बसून मेंटेनन्सवर चर्चा करा, पहिल्या मजल्यावर राहत असलात तरी.

बारीक असाल तर तपासणीच्या वाटेला जाऊच नका. "तुला काय होणारे, काडी आहेस नुसती" हे मी इतक्यांदा ऐकलंय, आणि माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, आलं ६.१, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचं उदाहरण २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबी, हा आपल्या लोकांचा खास माल. म्हणून आपल्याकडे वजनकाट्यावर भागत नाही, टेप लागते, पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत हवी. टेप शिलाई मशीनच्या खणात आहे, तिथेच राहू द्या.

आणि ही पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी काही गप्प पडून राहत नाही बरं का, ती टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असली द्रव्यं सोडत राहते, अंगात सतत बारीक दाह चालू, ना ताप ना दुखणं, त्यामुळे कळतही नाही, आणि हळूहळू पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. गंमत म्हणजे व्यायाम करताना स्नायूसुद्धा आयएल-६ सोडतात, पण ते तेवढ्यापुरतं, आणि त्याने उलट दाह कमी व्हायला मदत होते. एकच द्रव्य, बसून राहिलात तर वेगळं, चाललात तर वेगळं. पण चालणार कुठे? बाहेरच्या फूटपाथबद्दल मी बोलत नाही, तुम्हीही मुंबईतच राहता.

आता मुलांचं. ही गुंतवणूक लहानपणापासूनच करावी लागते. आधी कंपाउंडमधलं क्रिकेट बंद करा, काच फुटते. मग फुटबॉल, आवाज होतो. मग सायकल, गाड्यांना लागते. मग लपाछपीसुद्धा, कारण पोरं गाड्यांच्या मागे लपतात आणि रिव्हर्स घेताना काकांना त्रास होतो, त्यांना तो कॅमेरा बघता येत नाही. बागेत लावलेला झोपाळा काढून तिथे पेव्हर ब्लॉक टाका, दोन गाड्या बसतात. आणि मग दहा वर्षांच्या पोराच्या मानेवर काळपट पट्टा दिसायला लागला की घासा साबणाने, मळ समजून, तो इन्सुलिन रेझिस्टन्सचा, म्हणजे पेशी इन्सुलिनला दाद देत नसल्याचा, इशारा असू शकतो हे कोणी सांगितलं तरी घासत राहा. मग त्याला पंधरा हजारांचा बॅडमिंटनचा क्लास लावा, आणि तिथे गाडीने सोडा. १९५३ साली लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी डबलडेकर बसवरच्या लोकांचा अभ्यास छापला, दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. एकच बस, एकच रस्ता. आपण त्यातून काय शिकलो तर घरटी एक ड्रायव्हर तयार केला, आणि आता पोरांनाही मागच्या सीटवर बसवून तयार करतोय.

बास, पुरे झालं, मला आता हसू येत नाहीये. अहो, देशात १० कोटींवर लोकांना डायबेटिस आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक वाटेवर आहेत, हे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीत २०२३ साली आलंय. अमेरिकेत २००२ साली एका अभ्यासाने दाखवून दिलं की उंबरठ्यावरच्या माणसांनी सातेक टक्के वजन उतरवलं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालले-बिलले तर डायबेटिसचा धोका ५८ टक्क्यांनी कमी होतो, मेटफॉर्मिन या डायबेटिसच्या गोळीने ३१. त्या १५० मिनिटांसाठी मला जिम नको, कोच नको, तुमच्या ग्रुपवरचे मेथीदाण्याचे फॉरवर्ड तर नकोच नको. तुमच्या विंगेत मधुमेही नसलेलं एक घर दाखवा मला, आणि तरी तुम्ही चालणाऱ्या माणसाला थांबवायला वॉचमन पाठवता? सोसायटीच्या वार्षिक सभेत स्टिल्टमधल्या एका पार्किंग स्लॉटवरून तीन-तीन तास भांडता, पोरांच्या झोपाळ्याचा विषय निघाला की सगळे घड्याळ बघता आणि समोशाचं काय झालं विचारता. काकांना सांगा गाडी नीट लावायला. पोरं घरात बसून बसून फुगताहेत, तुमचीच आहेत ती.