‘मागच्या बिअरचा शिळा गाळ खपवतात’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार साहेब,

शनिवारी तुम्ही निपाणीहून आमच्या बेळगावच्या ब्रूअरीत आलात. गव्हाची बिअर आंबट लागली, तिला केळ्याच्या इसेन्सचा वास होता, आणि मागच्या बिअरचं यीस्ट (बिअर आंबवणारे सूक्ष्मजीव) नव्या बिअरमध्ये घालतात हे वेटरकडून कळलं, असं तुम्ही लिहिलंत. ‘शिळा गाळ खपवतात’ हे तुमचे शब्द.

बिअर आंबट होती. चूक माझी, आणि ती कशी झाली ते सांगतो.

यीस्ट परत वापरणं म्हणजे शिळं खपवणं नव्हे. घरी कालच्या दह्याचं विरजण लावतो, तसंच हे. बिअर तयार झाली की यीस्ट टाकीच्या निमुळत्या तळाशी बसतं. पहिला काळपट थर, त्यात हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा आणि मेलेल्या पेशी, तो ओतून देतो. मधला सायीसारखा थर निर्जंतुक भांड्यात काढून २ ते ४ अंशांवर ठेवतो. वापरण्याआधी थेंबभर यीस्टमध्ये मेथिलीन ब्ल्यू हा निळा रंग घालून मायक्रोस्कोपखाली बघतो. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत बिनरंगाच्या राहतात. पाचव्या बॅचनंतर कितीही चांगलं दिसलं तरी नवंच मागवतो, कारण फेरीगणिक ते बदलत जातं. जास्त अल्कोहोलच्या बिअरमधलं यीस्ट तर घेतच नाही, ते दमलेलं असतं.

दहा दिवसांच्या आत वापरायचं, हाही माझाच नियम. गणपतीत विसर्जनासाठी विक्री बंद राहिली, टाक्या रिकाम्या होईनात, आणि हे यीस्ट तीन आठवडे पडून राहिलं. निळ्या पेशी बऱ्याच दिसल्या होत्या. तरी मी थोडं जास्त यीस्ट घालून वेळ मारून नेली. एरवी रात्रीत फेस धरणारी टाकी दोन दिवस गप्प होती. ज्यापासून बिअर होते ते माल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचं, गोड पाणी तसंच पडून राहिलं की आंबट करणारे जिवाणू आधी हात मारतात. चव घेतली तेव्हा मला शंका आली होती. तेव्हाच टाकी ओतून द्यायला हवी होती. दिली नाही, आणि ती तुमच्या ग्लासात आली, याचं मला फार वाईट वाटतं. मनापासून माफी मागतो.

केळ्याचा वास मात्र बरोबर आहे. ही जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, हेफेवायझन. तिचं यीस्टच आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं द्रव्य तयार करतं, तोच तो वास. सोबत लवंगेचीही हलकी झाक येते. इसेन्स आम्ही घालत नाही.

वेटर पोरगा खरं तेच बोलला, त्याच्यावर राग धरू नका.

ती टाकी आणि ते यीस्ट दोन्ही काल ओतून दिलं. नव्या यीस्टची पहिली बॅच लागली आहे, दोन-अडीच आठवड्यांत तयार होईल. बिलावरच्या नंबरवर फोन करा, पूर्ण पैसे परत देतो. पुन्हा इकडे आलात तर दुपारी या, गर्दी नसते. यीस्ट काचेखाली तुम्हाला स्वतः दाखवीन.