‘आय७’ खरा, पण कुठल्या सालचा? पंचवीस हजारांच्या गेमिंग पीसीचा प्रतिवाद

जाहिरात साधारण अशी असते: ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. फक्त २५ हजार. सगळे गेम हाय सेटिंगवर!’ दुकानांच्या रील्समध्ये, व्हॉट्सॲपवर, जुन्या मालाच्या ॲपवर हाच मजकूर किमतीत हजार-दोन हजार इकडेतिकडे करून फिरतो. बारावीचा निकाल लागला की जरा जास्तच.

यातला आकडा बहुधा खोटा नसतो, आणि म्हणूनच नंतर दुकानदाराशी भांडायला जागा उरत नाही. प्रत्येक ठळक आकड्यामागे दुसरा एक आकडा असतो, मशिन कसं चालणार ते त्यावर ठरतं, आणि तोच नेमका छापलेला नसतो. एकेक मुद्दा घेऊ.

‘आय७ प्रोसेसर’

आय३, आय५, आय७ ही एकाच पिढीतली उतरंड आहे. पिढी बदलली की ती तुलना संपली. या किमतीत मिळणारा आय७ बहुतेक वेळा आय७-२६०० (२०११) किंवा आय७-३७७० (२०१२) असतो, ऑफिसांनी मोडीत काढलेल्या मशिनींतून आलेला. चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), आठ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). २०२२ मध्ये आलेल्या साध्या आय३-१२१००एफ मध्येही कोअर-थ्रेड तेवढेच आहेत, पण त्याचा एकेक कोअर जवळजवळ दुप्पट काम उरकतो. गेमचा बराचसा भार एक-दोन मुख्य थ्रेडवर असतो, त्यामुळे हा फरक थेट पडद्यावर दिसतो.

वेगाचं एक वेळ सोडून देऊ. काही गोष्टी या प्रोसेसरवर सुरूच होत नाहीत. एव्हीएक्स२ हा सूचनासंच इंटेलने २०१३ च्या चौथ्या पिढीपासून दिला. तो मागणारा नवा गेम २६०० किंवा ३७७० वर उघडताक्षणी बंद पडतो. विंडोज ११ इंटेलच्या बाबतीत अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढेच चालते, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘आम्ही ११ टाकून देतो’ असं दुकानदार सांगतो, आणि जुगाड करून ती पडतेही. मग व्हॅलोरंट उघडायला जावं तर विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (मशिन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) दोन्ही लागतात. या बोर्डांवर ती सोय नसल्याने ‘व्हॅन ९००१’ ही चूक दाखवून गेम अडतो. ज्या गेमसाठी निम्मी मुलं पीसी घेतात, तोच नेमका.

बोर्डही (मदरबोर्ड) पाहा. या आय७ बरोबर सहसा एच६१ चिपसेटचा, नाव न ऐकलेल्या कंपनीचा ‘नवा’ बोर्ड येतो. मूळ एच६१ मध्ये साटाचा, म्हणजे ड्राइव्ह जोडायच्या वाटेचा, वेग ३ गिगाबिटवर अडकतो, म्हणजे एसएसडी कितीही चांगली लावा, ३०० एमबी प्रति सेकंदाच्या पुढे जात नाही.

विचारायचं एवढंच: आय७ च्या पुढचा पूर्ण नंबर सांगा. चार अंकी असेल तर पहिला अंक पिढीचा, पाच अंकी असेल तर पहिले दोन. दुकानात मशिन चालू असेल तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर वर उजवीकडे पूर्ण नाव दिसतं. तिथे फोटो काढून घ्या.

‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात, म्हणून जरा सविस्तर. ग्राफिक्स कार्डावरचे जीबी म्हणजे गोदामाचा आकार. माल किती भरभर आत-बाहेर होतो ते मेमरीच्या प्रकारावर आणि बसच्या (मेमरीकडे जाणाऱ्या वाटेच्या) रुंदीवर ठरतं. जाहिरातीतलं ४ जीबीचं कार्ड बहुतांशी जीटी ७३० निघतं. हे २०१४ चं कार्ड. त्याच्या ६४ बिट, डीडीआर३ आवृत्तीची बँडविड्थ (माल वाहण्याचा वेग) सेकंदाला १४.४ जीबी, १२८ बिटवाली आवृत्ती असेल तर दुप्पट. आरएक्स ६६०० या कार्डाची २२४. गोदाम ४ चं असो की ४० चं, दरवाजा खिडकीएवढा असेल तर काय उपयोग? त्यातून ६४ बिटवाल्या चिपच्या केप्लर पिढीला एनव्हिडियाने नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं २०२१ मध्येच थांबवलं.

हाच खेळ नव्या कार्डांतही आहे, तोही कंपन्यांनी स्वतः केलेला:

जीटी १०३०: जीडीडीआर५ आवृत्ती ४८ जीबी प्रति सेकंद, २०१८ ची डीडीआर४ आवृत्ती १६.८. नाव तेच, खोकंही जवळपास तेच.

आरटीएक्स ३०५०: ८ जीबीचं कार्ड १२८ बिट, २५६० कोअर. ६ जीबीचं ९६ बिट, २३०४ कोअर. फरक फक्त दोन जीबीचा आहे असं वाटतं, पण चिपही छाटलेली आहे. ६ जीबीवाल्याची जमेची बाजू एकच आणि ती मोठी आहे: ते ७० वॅटवर भागवतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही.

आरएक्स ६५०० एक्सटी: ४ जीबी, ६४ बिट आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या वाटेच्या) फक्त चार लेन. पीसीआय ४.० च्या बोर्डावर ठीक. बी४५०, ए५२० अशा ३.० वाल्या बोर्डावर मेमरी भरली की ते आचके द्यायला लागतं. शिवाय यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे स्ट्रीमिंगचा विचार सोडाच.

‘आरएक्स ५८० २०४८एसपी’: खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (कार्डातले छोटे कोअर) असतात. २०४८ म्हणजे ५७० ला ५८० चं नाव दिलेलं.

१०८०पी (फुल एचडी) साठी नवं कार्ड घ्यायचं तर आरएक्स ६६०० हा आजही शहाणा सौदा आहे: ८ जीबी, १३२ वॅट, एक आठ-पिन केबल. ३०५० पेक्षा ठळक फरकाने वेगवान, आणि किमतीत बहुधा आसपासच. जुनं घेणार असाल तर जीटीएक्स १०५० टीआय, १०६० कडे आता वळू नका. त्या पिढीचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले, यापुढे फक्त सुरक्षेचे. जुनं कार्ड हातात आल्यावर आधी जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. मेमरीचा प्रकार, बस, शेडर सगळं एका पानावर दिसतं. बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून नाव लावलेलं बनावट कार्ड असेल तर जीपीयू-झेड बहुधा नावापुढेच तसं लिहितं. मग फरमार्क ही कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी १५ मिनिटं. ठिपके, पट्टे, काळा पडदा यांतलं काही दिसलं तर कार्ड परत.

‘५०० वॅट एसएमपीएस’

एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. खोक्यावरचा वॅटचा आकडा बाजूला ठेवा आणि अंगावरच्या स्टिकरवर ‘+१२व्ही’ या रकान्याखाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघंही जेवतात ते याच रेषेवर. अँपिअरला १२ ने गुणा. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर १४ ते १६ अँपिअर असे आकडे दिसतात: १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. पाचशे कुठे आणि एकशे ब्याण्णव कुठे! चांगल्या कंपनीच्या ५५० वॅट एसएमपीएसवर हाच गुणाकार ५०० च्या वर जातो.

आता गरज मोजू. आरएक्स ६६०० चे १३२, रायझेन ५ ५६०० पूर्ण भारावर ७६, बोर्ड-रॅम-पंखे-एसएसडी मिळून ४०-५०. म्हणजे २६० च्या आत. खरा ४५० वॅट पुरतो, पुढे कार्ड बदलायचं असेल तर ५५० घ्या. ७५० वॅट घ्यायला लावणाराही तुमचे पैसे वायाच घालवतोय.

स्वस्त एसएमपीएसला आठ-पिन केबल नसते. मग दुकानदार साटा केबलला कन्व्हर्टर जोडून देतो. हे करू देऊ नका. साटा जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर. एकूण ५४ वॅट. आठ-पिन जोडणीतून कार्ड १५० वॅटपर्यंत ओढू शकतं. आधी प्लास्टिकचा वास येतो, मग जोडणी वितळते, आणि ओव्हरकरंट संरक्षण नावालाच असेल तर कार्डही जातं.

अर्थिंगचंही इथेच सांगायला हवं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, तेव्हा ‘एसएमपीएस खराब आहे’ असं निदान होतं. बहुतेक वेळा एसएमपीएस निर्दोष असतो. त्यातले फिल्टर कपॅसिटर थोडी गळती अर्थकडे सोडतात. भिंतीतली अर्थची तार तुटलेली असेल किंवा दोन-पिनचा ॲडाप्टर लावला असेल, तर पत्रा जवळपास निम्म्या व्होल्टेजवर तरंगत राहतो. वायरमनला बोलवा.

‘१६ जीबी रॅम’

डीडीआर३ की डीडीआर४, एक कांडी की दोन? डीडीआर४-३२०० ची एक कांडी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन चॅनलमध्ये दोन कांड्या ५१.२. आय७-२६०० चा अधिकृत वेग डीडीआर३-१३३३. दोन कांड्या लावूनही २१.३. म्हणजे जुनी जोडी नव्या एकट्या कांडीच्याही मागे.

‘आता एक १६ ची लावू, दुसरी नंतर’ हा सल्ला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर एक वेळ खपतो. रायझेन ५ ५६००जी सारख्या, आतच ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरवर मात्र घातक, कारण तिथे रॅम हीच ग्राफिक्सची मेमरी. गेमनुसार फ्रेमचा (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा) तिसरा हिस्सा जाऊ शकतो. ८ च्या दोन कांड्या घ्या. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून दुसरी आणि चौथी. मग बोर्डाच्या बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम बहुधा २१३३ किंवा २६६६ वर मुकाट चालत राहते. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे जुन्या व्हिडिओतले हिशेब रॅमच्या बाबतीत धरू नका.

‘५१२ जीबी एसएसडी’

यात वाद कमी. एसएसडीने सरासरी फ्रेम वाढत नाहीत, पण हार्ड डिस्कवर नवे गेम आता चालवणंच अवघड. सायबरपंक २०७७ ने २०२३ च्या २.० आवृत्तीपासून एसएसडी किमान गरजेतच टाकली. साटा असो वा त्याहून वेगवान एनव्हीएमई, गेम उघडण्यात फार फरक नाही. बिननावाची एसएसडी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये किती तास वापरलीय ते पाहा. ‘नवी’ म्हणून दिलेल्या ड्राइव्हचे हजारो तास निघाले तर उत्तर मिळालं.

‘सगळे गेम हाय सेटिंगवर’

व्हिडिओत दाखवलेला गेम कोणता? बहुधा जीटीए ५, जो पीसीवर २०१५ मध्ये आला, किंवा व्हॅलोरंट, जो मुळात हलक्या मशिनींसाठी बेतलाय. वेगाच्या दृष्टीने हे गेम अशा डब्यावर चालतात (व्हॅलोरंट विंडोज ११ वर अडतो, ते वर आलंच), हे मान्यच. त्यावरून ‘सगळे’ ठरत नाही. कोपऱ्यातला आकडा सरासरीचा असतो. ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत, मध्येच एखादी १०० मिलिसेकंद घेते तेव्हा हात अडखळतो, पण सरासरी जेमतेम हलते. म्हणून ‘१ टक्का लो’ (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग) विचारा, आणि रिझोल्यूशन किती ते. ७२०पी वर हाय सेटिंग कुणीही दाखवेल.

याची उलटी बाजूही आहे. ‘या प्रोसेसरला हे कार्ड लावलं तर २३ टक्के बॉटलनेक’ (एका भागामुळे दुसरा अडणं) असं सांगणारी कॅल्क्युलेटरं तितकीच निरुपयोगी. त्याच जोडीत व्हॅलोरंटमध्ये प्रोसेसर अडवेल, सायबरपंकमध्ये कार्ड. टक्का एक कसा असेल?

मग तेवढ्या पैशांत घ्यायचं काय

बजेट खरोखर तेवढंच असेल तर दोन वाटा. पहिली: ५६००जी, ए५२० किंवा बी५५० बोर्ड, ८ च्या दोन कांड्या, ५०० जीबी एनव्हीएमई, खरा ४५० वॅट. कार्ड नाही. हलके गेम १०८०पी लोवर, जड गेम ७२०पी वर, आणि पुढे पैसे जमले की ६६०० लावता येतं. रॅमच्या आजच्या भावात हे नव्याने जमत नसेल तर प्रोसेसर आणि बोर्ड जुने घ्या, एसएमपीएस नवाच.

दुसरी: आठव्या पिढीचा ऑफिसचा जुना ब्रँडेड पीसी, आय५-८५०० वाला, आणि त्यात वेगळी केबल न लागणारं कार्ड: जुनं जीटीएक्स १६५० किंवा ३०५० ६ जीबी. यात विंडोज ११ अधिकृत चालते. फसगत होते ती मापात. पातळ केसमध्ये अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, आणि अनेक मॉडेलांत बोर्डाची पॉवर जोडणी २४-पिनची नसते, त्यामुळे बाजारातला एसएमपीएस पुढे लागत नाही. उंच टॉवर मिळाला तर तोच घ्या. १६५० घेताना पॉवर केबलची खाच नाही ना, हे बघा. काही मॉडेलांना सहा-पिन लागते.

बजेट दुप्पट असेल तर रायझेन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ, आणि ६६००. डब्याच्या एकूण किमतीपैकी ३५ ते ४० टक्के कार्डावर. ५५०० आणि ५६०० सारखे समजू नका: ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआय ३.० च. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं नको. समोरून दोन पंखे आत, मागून एक बाहेर. खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तितकीच वर चढते, आणि अकोला-चंद्रपूरचा मे महिना लॅबमधल्या चाचण्यांत धरलेला नसतो.

लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर गावातल्या दुकानातून, जीएसटी बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी तिथेच ताडून पाहा. बी४५० बोर्ड असेल तर ५६०० साठी बायोस अपडेट करूनच द्यायला सांगा, नाहीतर घरी पंखे फिरतील आणि पडदा काळा राहील. पडदा तरीही काळाच असेल तर मॉनिटरची केबल कार्डात आहे की बोर्डात ते पाहा. ५६०० आणि १२४००एफ मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही.