पाल्यास कोणता चित्रपट दाखवावा

मुलांना कोणता चित्रपट दाखवावा आणि कोणता दाखवू नये, हा प्रश्न मुंबईतल्या सुजाण पालकांना सहसा रविवारी सकाळी, पोह्यांची बशी हातात असताना आणि दुपारच्या खेळाच्या शेवटच्या काही जागा मोबाइलवर दिसत असताना पडतो. अशा वेळी विचार करीत बसल्यास जागा जातात. म्हणून विचार न करताही निर्णय घेता यावा, आणि घेतल्यावर आपण जबाबदार पालक असल्याचे समाधानही पदरी पडावे, या हेतूने हे मार्गदर्शन केले आहे.

पहिली खबरदारी अशी की, चित्रपटाविषयी आधी काहीही वाचू नये. परीक्षण वाचले की त्यात काय आहे हे कळते, आणि एकदा कळले की पुढे कधी ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. नायक कोण आहे एवढे पाहावे. तो आपल्या कॉलेजच्या दिवसांतला असेल, तर चित्रपट कौटुंबिक समजावा. पोस्टरवर त्याच्या हातात कोयता असला तरी बिचकू नये. तो बहुधा आईच्या किंवा बहिणीच्या प्रेमापोटीच धरलेला असतो.

प्रमाणपत्राकडे मात्र अवश्य पाहावे, कारण ते सरकारी आहे आणि खेळ सुरू होण्यापूर्वी पडद्यावर येतेच. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली काम करणारे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, ज्याला आपण सगळे अजूनही सेन्सॉर बोर्ड म्हणतो, त्याचे मुख्यालय आपल्याच पेडर रोडवर आहे, तेव्हा त्याचा मान राखणे हे मुंबईकराचे कर्तव्य ठरते. १९८३ पर्यंत या मंडळाला ‘यू’ आणि ‘ए’ या दोन अक्षरांत सगळा मामला मिटवता येत असे. त्या वर्षी ‘यूए’ आले आणि बारा वर्षांखालील मुलांची काळजी पालकांनी वाहावी असे ठरले. पालकांनी ती कशी वाहिली हे चाळीस वर्षे पाहून झाल्यावर, २०२३ च्या कायदादुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी ‘यूए’चे आणखी तीन तुकडे केले : ७+, १३+ आणि १६+. यातली सर्वांत सोयीची तरतूद अशी की, वयाचा हा शेरा केवळ पालकांच्या विचारार्थ आहे. तो अन्य कोणी अमलात आणावयाचा नाही. म्हणजे सहा वर्षांच्या मुलीचे बोट धरून आपण ‘यूए १६+’च्या दारात उभे राहिलो, तर दारावरचा माणूस आपल्याला अडवू शकत नाही. निर्णय आपल्यावर सोपवलेला आहे, आणि जे पालकांवर सोपवलेले असते ते तपासायला कोणी येत नाही, हे शाळेच्या डायरीवर वर्षभर सह्या करणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

तरीही कोणाच्या मनाला टोचणी लागलीच, तर कुटुंबाच्या वयाची सरासरी काढावी. आजी ७४, वडील ४१, आई ३८, मुलगा ९ आणि मुलगी ६, अशी बेरीज १६८ होते. तिला पाचाने भागले की माणशी तेहेतीस वर्षे आणि वर काही महिने येतात. या हिशेबाने आपले कुटुंब कोणत्याही चित्रपटास पात्र आहे. आजीला मुद्दाम बरोबर न्यावे, असे सुचवण्यामागे हेच कारण आहे.

अडचण येते ती ‘ए’ची, कारण तिथे अठरा वर्षांखालच्यांना पालक सोबत असले तरी प्रवेश नाही आणि हा नियम चित्रपटगृहाने पाळायचा असतो. लोअर परळच्या एखाद्या मल्टिप्लेक्समध्ये शुक्रवारी रात्री हा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. दारावर जेमतेम वीस-बावीस वर्षांचा, गणवेशाच्या बाह्या मनगटाखाली उतरलेला एक मुलगा हातातल्या यंत्राने तिकिटे तपासत असतो. समोर वडील, आई आणि चौदा वर्षांचे चिरंजीव उभे असतात. “सर, यांचं आयडी?” असे तो अदबीने विचारतो, आणि वडिलांचा आवाज चढतो : “आम्ही आईवडील सोबत आहोत ना? आमच्या मुलाला काय दाखवायचं ते तुम्ही शिकवणार आम्हाला? मॅनेजरला बोलवा!” मागे रांग खोळंबते, कोणीतरी ‘जाऊ द्या हो’ म्हणते. आपले वय किती, असे चिरंजीवांनाच विचारले तर ते शाळेत शिकवल्याप्रमाणे खरे सांगून मोकळे होतात आणि सगळे मुसळ केरात जाते. म्हणून आदल्या रात्री जन्मसाल चार वर्षांनी मागे ढकलून त्याच्याकडून घोकून घ्यावे. चित्रपटाने मुलावर वाईट संस्कार होतील अशी भीती कोणी घातलीच, तर निदान खोटे बोलणे तरी तो चित्रपटातून शिकला नाही, हे ठामपणे सांगता येते.

आता आत गेल्यावर काय करावे, याकडे वळू. मराठी कुटुंबात चित्रपटातला एकच क्षण धोक्याचा मानला जातो, आणि तो म्हणजे नायक-नायिकेचे चेहरे एकमेकांजवळ येण्याचा. घरी टीव्हीसमोर यावर उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे : “बाळा, पाणी आण बरं.” स्वयंपाकघरात जाऊन पेला भरून येईपर्यंत पडद्यावर पाऊस पडून थांबलेला असतो, आणि मुलालाही आपल्याला तहान केव्हा लागते हे हळूहळू पाठ होते. चित्रपटगृहात ही सोय नसल्याने डोळ्यांवर हात ठेवावा लागतो. त्यासाठी उजवा हात मोकळा असू द्यावा आणि पॉपकॉर्नचा डबा डाव्या मांडीवर घ्यावा. बोटांत फटी राहू देऊ नयेत. हाच हात पुढे खलनायकाचे शीर धडावेगळे होऊन कॅमेऱ्याच्या दिशेने घरंगळत येते तेव्हा निश्चिंतपणे पॉपकॉर्नच्या डब्यात घालावा, कारण त्या दृश्यात कोणी कोणावर प्रेम करीत नसते. मंडळाने पाळावयाच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अश्लीलतेबरोबरच हिंसेचे उदात्तीकरण, अनावश्यक क्रौर्य आणि मुलांवर होणारी हिंसा यांचाही उल्लेख आहे. पण हात दोनच असल्यामुळे प्राधान्यक्रम ठरवणे भाग पडते.

या प्राधान्यक्रमामागचे खरे कारण कोणी उघड बोलत नाही, म्हणून इथे सांगून टाकतो. चुंबन पाहून मुलाचे काय बिघडते हे कोणालाच नीट ठाऊक नसते. आपल्या कानाच्या पाळ्या मात्र लाल होतात. शंभर माणसे कापली गेली तरी शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या नजरेला नजर देताना आपल्याला अवघडत नाही. तेव्हा ‘मुलांसाठी योग्य’ याचा व्यवहारातला अर्थ ‘आपल्याला अवघडवणार नाही असा’ एवढाच घ्यावा. त्याने निर्णय फार सोपा होतो.

तोच न्याय नायकाच्या पाठलागाला लावावा. नायक अर्धा चित्रपट नायिकेच्या मागे फिरतो, तिची बस अडवतो, तिच्या कॉलेजच्या फाटकावर गाणे म्हणतो, आणि तिच्या नकाराचा अर्थ होकार असा लावून मध्यंतरापर्यंत तिला जिंकतोही. या भागाला विनोद म्हणतात. चित्रपटगृहात शिट्ट्या पडतात आणि आजीही हसते. २०१३ मध्ये असा पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात त्याला शिक्षाही आहे, ही माहिती शेजारी बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला देऊन त्याचा रसभंग करू नये. सरकारलाही त्याची घाई दिसत नाही. २०१२ पासून नायकाने विडी पेटवली की पडद्याच्या तळाशी धूम्रपान आरोग्यास घातक असल्याची पट्टी येते. एका हाताने तो विडी ओढतो आणि दुसऱ्या हाताने पंचवीसजणांना लोळवतो, तेव्हाही पट्टी विडीचीच असते. त्यामुळे आपल्या मुलांना तंबाखूविषयी पूर्ण माहिती आहे.

शिव्यांची चिंता करू नये. मंडळ त्या जागी आवाज बंद करायला लावते, आणि त्या रिकाम्या जागेत कोणता शब्द बसतो याचा शोध शाळेच्या बसमध्ये सामुदायिकरीत्या लावला जातो. न बोललेला शब्द मुले जितक्या चिकाटीने शोधतात, तितक्या चिकाटीने ती गाळलेल्या जागा कधी भरत नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे मात्र मनावर घेऊ नये. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या एका लघुपटात मुंबईतल्या वेश्यावस्तीची दृश्ये होती आणि त्याला ‘यू’ प्रमाणपत्र मिळेना, म्हणून ते न्यायालयात गेले. १९७० च्या निकालात न्यायालयाने सेन्सॉरशिप वैध ठरवली, पण त्याबरोबर असेही सुनावले की, कात्री लावताना विषय कोणता आहे यापेक्षा तो हाताळला कसा आहे हे पाहिले पाहिजे. हा निकष पालकांना परवडणारा नाही. हाताळणी पाहायची तर चित्रपट मुलाच्या आधी आपण पाहावा लागेल, नंतर त्यावर मुलाशी बोलावे लागेल, आणि सोमवारी सकाळी ८:१२ ची लोकल आहे.

कार्टूनपटाच्या बाबतीत तर विचाराची गरजच नाही. ते रंगीत असतात, त्यांत प्राणी बोलतात, म्हणून ते दोन वर्षांपासून पुढे सर्वांना चालतात, ही समजूत दृढ ठेवावी. पाच वर्षांच्या मुलाला रक्तापेक्षा आई हरवण्याची धास्ती मोठी असते, आणि कार्टूनपटांत पहिल्या वीस मिनिटांत आई गमावणारी पिल्ले काही कमी नाहीत. पण पुढचे आठ दिवस मूल रात्री पंख्याखाली आईच्या गाऊनचे टोक मुठीत धरून झोपू लागले, तर त्याचे खापर आइस्क्रीमवर फोडावे.

किशोरवयीन मुलांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, कारण ती आपल्याबरोबर चित्रपटाला येतच नाहीत. त्यांचे चित्रपटगृह त्यांच्या खिशात असते. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवरच्या १३+ आणि त्यापुढच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप घालता आले पाहिजे. हे कुलूप कसे घालतात हे आपल्याला येत नसल्यास ते काम मुलीकडेच द्यावे; ती दोन मिनिटांत करून देते आणि पासवर्डही लक्षात ठेवते. पंधरा वर्षांची ही मुलगी एखादा अवघड, दुःखाचा, पण तिला काहीतरी सांगून जाणारा चित्रपट एकटी बघत बसली असेल, तर ‘कसले भलते विषय बघतेस’ एवढे म्हणून पुढे जावे. शेजारी बसून पाहू नये. तिला बरे वाटेल आणि सवय लागेल.

आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचा उल्लेख केल्याशिवाय हे विवेचन पुरे होणार नाही, कारण चित्रपटाच्या योग्यायोग्यतेची आपली समज तिथेच पूर्ण बहरते. ज्या चित्रपटाला ‘लहान मुलांना नको गं तो’ म्हणून आपण मुलीला नेले नव्हते, त्यातलेच दारूवरचे गाणे घेऊन पहिली-दुसरीतल्या सहा मुली पार्किंगमध्ये पंधरा दिवस तालीम करतात. दादरहून भाड्याने आणलेल्या चमचमत्या चोळ्या मोठ्या होतात म्हणून मागे सेफ्टीपिना लावलेल्या असतात. मंचाच्या कडेला, स्पीकरच्या आडोशाला उभ्या राहून आया कंबरेचा झटका करून दाखवत असतात, आणि एखादीचा ठेका चुकला की दबक्या आवाजात ‘अगं, डोळा मार, डोळा!’ असा पुकारा होतो. सगळ्यांचे मोबाइल वर असतात. नगरसेवक टाळ्या वाजवतात आणि वन्स मोअर मिळतो. इथे कोणाच्याही डोळ्यांवर कोणाचाही हात नसतो, कारण दोन्ही हात व्हिडिओ काढण्यात गुंतलेले असतात. कार्यक्रमानंतर याच कट्ट्यावर हल्लीच्या सिनेमांनी मुलांचे बालपण हिरावल्याबद्दल चर्चा करावी. वडापावबरोबर ती चांगली रंगते.

मुलांसाठीच काढलेल्या चित्रपटांचे काय, असे कोणी विचारील. त्यासाठी १९५५ मध्ये बालचित्र समिती स्थापन झाली. तिचे कार्यालयही त्याच पेडर रोडवर होते. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. बातमी वाचून आपण हळहळलो, आणि त्यांचा शेवटचा चित्रपट आपण कोणता पाहिला हे कोणी विचारले नाही, हे बरेच झाले. मराठी बालचित्रपट कधी लागलाच तर तो सकाळी साडेनऊला, दोन स्टेशने पलीकडे लागतो. त्याची तोंडभरून स्तुती करावी आणि दुपारच्या कोयत्याची तिकिटे काढावीत. मुलांना असले चित्रपट कंटाळवाणे वाटतात, असे सांगावे. मुलांना विचारून मात्र पाहू नये.

शेवटची अडचण चित्रपट संपल्यावर येते. परतीच्या टॅक्सीत, सिग्नलला गाडी थांबली की मागच्या सीटवरून प्रश्न येतो : “बाबा, ती नको म्हणत होती, तरी तो तिच्या मागे का जात होता?” अशा वेळी प्रथम ‘तो सिनेमा आहे’ असे सांगावे. प्रश्न परत आला तर ‘मोठा झालास की कळेल’ म्हणावे आणि मोबाइल हातात द्यावा. एवढे करूनही मूल घरी जाऊन तोच प्रश्न आजोबांना विचारण्याची शक्यता असते. आजोबांना वेळ भरपूर असतो आणि ते मुलाला समोर बसवून खरोखरीच उत्तर देतात, म्हणून त्यांना आधीच फोन करून झोपायला सांगावे.