दहा लिहिलं होतं, दहा!

माझ्या एमजीबीचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा, क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) आज ग्राइंडिंगवाल्याकडून परत आला. वीसला घासून.

चिठ्ठीवर मार्करने लिहून दिलं होतं, मेन (क्रँक ब्लॉकमध्ये टेकतो ते भाग) दहा, बिगएंड (पिस्टनचे रॉड बसतात ते भाग) दहा, खाली दोन रेघा मारून. शिवाय तोंडाने सांगितलं, शिवाय इंग्लंडहून मागवलेले बेअरिंगचे शेल (अर्धगोल पातळ अस्तरं) डब्यासकट त्यांच्या टेबलावर ठेवून आलो की बाबांनो हे बघा, हे दहा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश, अंडरसाइजचे आहेत, ह्यांना बसेल एवढंच घासा. आणि आज ग्राइंडिंगवाला मालक मला सांगतोय, "साहेब, वीसला एकदम क्लीन निघाला, आता टेन्शन नाही." अरे टेन्शन नाही काय? हे दहाचे शेल आता वीसच्या जर्नलवर (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) कसे घालू? त्यावर उत्तर काय, तर मागून शिम, म्हणजे पातळ पत्रा, टाका, ॲम्बॅसिडरला आम्ही कायम टाकायचो. बेअरिंगच्या मागे शिम! शेल हाउसिंगला घट्ट चिकटून बसला नाही तर त्याची उष्णता जाणार कुठे, तो जागचा फिरला तर ऑइलचं भोक बंद होणार, आणि मग तो क्रँक घेऊन मी परत ह्यांच्याच दारात, दुसरं काय.

मी घरी प्रत्येक जर्नल मायक्रोमीटरने मोजला होता, आडवा मोजला, उभा मोजला, दोन्ही टोकांना मोजला. दहाला सगळे साफ होत होते. तो कागदही दिला होता सोबत. तो कागद आज मला तिथल्या चहाच्या ग्लासाखाली दिसला.

बरं, वीस तर वीस, नवे शेल मागवू, परत ड्यूटी भरू, परत वाट बघू. चाळीसपर्यंत मिळतात, जग बुडत नाही. पण घरी आणून क्रँक टेबलावर ठेवला, जर्नलच्या कडेवरून नख फिरवलं आणि डोक्यात तिडीक गेली. नख अडकलं. जिथे जर्नल संपतो आणि वेब, म्हणजे क्रँकची बाजूची भिंत, चालू होतं तिथे गोलाई पाहिजे, फिलेट रेडियस म्हणतात त्याला, आणि माझ्या क्रँकला तिथे सरळ काटकोन आहे, सुरीने कापल्यासारखा. एका नाही, तीन बिगएंडना. का? कारण ग्राइंडिंगचा दगड, म्हणजे स्टोन, डायमंडने ड्रेस करून (तासून) त्याच्या कडेला रेडियस द्यायला जी थोडी मिनिटं लागतात ती कोणी दिली नाहीत. क्रँकला तडा जातो तो बहुतेक वेळा त्याच कोपऱ्यातून. आणि हे आता तीसला घासूनही दुरुस्त होत नाही, कारण कोपऱ्यातला धातूच गेला, गोलाई आणायची कशातून? वेल्डिंगने भरून परत घासायचं नाहीतर दुसरा क्रँक शोधायचा. १९६६ सालच्या गाडीचा, तिच्याबरोबर कारखान्यातून निघालेला, साठ वर्षं न तुटलेला क्रँक ह्यांनी एका दुपारी संपवला, वर पूर्ण मजुरी घेतली, आणि मी रेडियसचं विचारलं तर फोनवर म्हणतो, "एवढं कोण बघतं साहेब."

मी बघतो! मी बघतो म्हणून तर मोजून दिला होता!

ऑइलच्या भोकांचं तर बोलूच नका. पाइप क्लीनर घातला तर काळी पेस्ट बाहेर आली, ग्राइंडिंगची भुकटी आणि कूलंट. धुऊन दिलाय म्हणाले होते. धुतला तो बाहेरून, चकचकीत, ऑइल लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. दिसायला इतका छान की कोणीही तसाच ब्लॉकमध्ये बसवेल, आणि पहिल्यांदा इंजिन चालू झालं की ती भुकटी थेट नव्या बेअरिंगमध्ये.

आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू का, हे पुण्यात होतंय. भोसरी-चाकणला लोक मायक्रॉनमध्ये काम करतात, रोज, हजारोंच्या संख्येने. तीच माणसं, तीच मशिनं, तेच मायक्रोमीटर. तिथे ड्रॉइंगवर लिहिलेलं पाळलं नाही तर अख्खा लॉट परत येतो म्हणून पाळतात. माझ्यासारखा एकटा माणूस एक क्रँक घेऊन आला की मात्र "जुनी गाडी आहे, चालतंय." हे चालतंय ऐकलं की माझं रक्त उकळतं. जुन्या गाडीलाच कमी चालतं. नवीन गाडीचा पार्ट उद्या काउंटरवर मिळतो, हिचा मिळत नाही.

ॲम्बॅसिडर, ॲम्बॅसिडर. जो तो मला हेच ऐकवतो. हो, एमजीबीचं इंजिन आणि जुन्या ॲम्बॅसिडरचं पेट्रोल इंजिन एकाच घराण्यातली, दोन्ही बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज, मला माहिती आहे, आणि त्यामुळेच नाना पेठेतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांना हे इंजिन हाताला माहिती आहे. पण ते १४८९ सीसीचं, तीन मेन बेअरिंगचं. हे १७९८ सीसीचं, आणि १९६४ च्या शेवटापासून एमजीबीला पाच मेन बेअरिंग आली. चुलत भाऊ आहे म्हणून त्याचे कपडे ह्याला होत नाहीत. मेन बेअरिंगच्या कॅप ७० फूट-पाउंडला आवळायच्या असतात, तर ग्राइंडिंगवाल्यांचा पोरगा टॉर्क रेंचकडे बघून हसतो आणि म्हणतो हाताला कळतं.

हाताला कळतं म्हणणारा इलेक्ट्रिशियनही भेटला होता. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला, १९६७ पर्यंतच्या सगळ्या एमजीबी तशाच, सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. बॉनेटखाली मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं. ह्या गृहस्थांनी ते वाचलं, कोणीतरी चुकून लिहिलंय असं ठरवलं आणि कनेक्शन "सरळ" करून दिलं. रेव्ह काउंटर, इंजिनचे फेरे दाखवणारा, गेला. ओरिजिनल स्मिथ्सचा. विचारलं तर म्हणे, निगेटिव्हच बॉडीला असतं, तीस वर्षं हेच करतोय.

आणि वेल्डर! एमजीबी रोडस्टरला छप्पर नाही, चॅसी वेगळी नाही, सगळी ताकद दोन बाजूंच्या सिलमध्ये (दरवाजाखालचा पोकळ पत्र्याचा भाग), त्यामुळे सिल कापायच्या आधी दरवाजाच्या जागेत आडवा बार टाकायचा, एक बाजू पूर्ण करायची, मगच दुसरी. समजावून सांगितलं, मान डोलावली, आणि मी ऑफिसला गेल्यावर दोन्ही बाजू एकदम कापल्या, बॉडी पुढे-मागे नुसत्या स्टँडवर. मधे खचली. ड्रायव्हरचा दरवाजा वरच्या कोपऱ्यात घासायला लागला तर म्हणतो दरवाजा कापू थोडा, वरून लांबी भरून देतो, कळणार पण नाही. दरवाजा कापणार! ते सगळं पुन्हा उलगडून करावं लागलं, आणि ते करणारा माणूस मिळायला किती फिरावं लागलं ते माझं मला माहिती.

हार्डवेअरच्या दुकानात पाच-सोळा यूएनएफ, म्हणजे ५/१६ इंची बारीक आट्यांचा बोल्ट, मागितला की आठ एमएमचा बोल्ट हातावर ठेवतात, सेमच आहे म्हणून. सेम नाहीये! जाडी जवळपास तेवढीच, म्हणून तर एक-दोन आटे जातो, आणि मग जोर लावला की ब्लॉकमधली आटी खाऊन टाकतो. सोसायटीत कोणीही येतो, एमजी ऐकलं की हेक्टर का म्हणतो. हेक्टर २०१९ ची. ही गाडी इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनची, तो कारखाना १९८० ला बंद पडला, पाच लाखांवर एमजीबी बनवून. आणि ॲव्हरेज किती देते विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देणं बंद केलंय.

असो. मालकाला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलेत, तिन्ही जर्नलच्या कोपऱ्यांचे, शेजारी रेडियस गेज धरून. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. शनिवारी क्रँक, चिठ्ठी, मोजमापाचा कागद आणि दहाचे न उघडलेले शेल घेऊन जाणार आहे आणि मजुरी परत मिळेपर्यंत तिथून हलणार नाही. मालकाला मायक्रोमीटर स्वतःच्या हाताने धरायला लावणार, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. तोपर्यंत कोणाच्या ओळखीत स्टोन ड्रेस करून रेडियस ठेवणारा, लिहिलेलं वाचणारा ग्राइंडिंगवाला असेल तर सांगा, पुण्यातच पाहिजे असं नाही, कोल्हापूरला असेल तरी मी क्रँक मांडीवर घेऊन एसटीने येतो.