आझाद मैदानाजवळची पाच पोरं

आज ३० नोव्हेंबर, रासायनिक अस्त्रांना बळी पडलेल्यांचा स्मरणदिन. दुपारी पणजीत आझाद मैदानाजवळ कॉलेजची पाच पोरं हातात रासायनिक अस्त्रांविरुद्धचे पुठ्ठे धरून उभी होती. एका गृहस्थांनी स्कूटर थांबवली, म्हणाले, "म्हादयेचें पळयात आदीं, सिरिया कित्याक जाय?" म्हणजे, आधी आपल्या म्हादई नदीचं बघा, सिरिया कशाला हवा? आणि हसत निघून गेले. पोरं बिचारी गप्प. माझं डोकं अजून तापलेलं आहे.

कित्याक जाय? ऐका. मी सहावीत होते. गणेशचतुर्थीच्या आधीची साफसफाई चालली होती. फोंड्याच्या घरी आईनं न्हाणीत ब्लीचिंग पावडर टाकली, डाग जाईनात म्हणून वरून ॲसिड ओतलं. त्यातून निघाला क्लोरीन. खोकून खोकून ती भिंतीला टेकून खालीच बसली. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, हे तिला कुठं ठाऊक? बाबांनी ओढत अंगणात आणलं. तीन रात्री तिनं बसून काढल्या, आडवं झालं की श्वास अडकायचा.

२२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र इथं जर्मन सैन्यानं हाच वायू सोडला. वाऱ्याची दिशा बघून, ठरवून! आणि १६ मार्च १९८८ ला इराकमधल्या हलब्जात कुर्द माणसं बॉम्बच्या भीतीनं तळघरात उतरली, तर विषही त्यांच्या मागोमाग खाली उतरलं. सुमारे ५,००० माणसं गेली. मला प्रत्येक वेळी खाली बसलेली आईच दिसते.

पुठ्ठे धरून काय होतं म्हणे! १९२५ च्या जिनिव्हा करारानं वापरावर बंदी आली, पण साठे करायला रान मोकळंच राहिलं. तेव्हा गर्ट्रूड वोकर नावाची स्विस रसायनशास्त्रज्ञ बाई विषारी वायूंविरुद्ध भाषणं देत फिरत होती. माणसं बोलत राहिली म्हणून १९७२ मध्ये जैविक अस्त्रांवर करार झाला, १९९३ मध्ये रासायनिक अस्त्रांवर. आपल्या भारतानं आपला साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत नष्ट केला. अमेरिकेचा शेवटचा साठा २०२३ मध्ये संपला.

हो, २०१३ मध्ये सिरियात, दमास्कसजवळच्या घुटात, सारीन हे रासायनिक विष पडलंच, कुठल्या पुठ्ठ्यानं ते अडवलं नाही. मान्य. जैविक करारावर तर देखरेख करणारी तपासयंत्रणाच नाही. म्हणून गप्प बसायचं?

त्या गृहस्थांवर आता तेवढा राग नाही. म्हादयेसाठी मीही त्याच मैदानावर उन्हात बसले आहे, तिची काळजी मलाही आहे. पण एका छातीत दोन काळज्या मावतात हो.

आई आता ऐंशीची आहे. आमच्या न्हाणीची खिडकी भर पावसातही उघडीच असते, लावलेली तिला चालत नाही.

संध्याकाळी परत तिथून गेले तेव्हा चारच पोरं उरली होती. पाचव्याचा पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला होता. तो उचलला आणि काळोख पडेपर्यंत त्यांच्यासोबत उभी राहिले.